सेवाभावाला विद्येची जोड हवी

दरवर्षी १२ मे उजाडला की गावोगावच्या रुग्णालयांत एक ठरावीक कार्यक्रम पार पडतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटतात, परिचारिकांना गुलाबाचे फूल मिळते आणि एखादे स्थानिक प्रतिष्ठित भाषण करतात. त्या भाषणात ‘त्याग’, ‘ममता’ आणि ‘सेवा’ हे तीन शब्द हटकून येतात. टाळ्या होतात, पाहुणे चहा घेऊन निघून जातात आणि परिचारिका आपापल्या वॉर्डात परततात. त्यांच्यापैकी एकीलाही कुणी विचारत नाही की, “ताई, गेल्या वर्षभरात तुम्हाला नवे काय शिकायला मिळाले?”

हा प्रश्न कुणाला सुचत नाही, कारण परिचर्या हे शिकण्याचे आणि शिकत राहण्याचे शास्त्र आहे हेच आपण विसरलो आहोत. बाईमाणसाच्या अंगी उपजत असलेल्या मायेचा तो पगारी विस्तार, अशीच आपली समजूत आहे. ‘सेवा’ या शब्दाविषयी आपल्याला आदर आहे आणि तो असायलाच हवा. परंतु ज्याला सेवा म्हटले त्याचा मोबदला, विश्रांती आणि शिक्षण यांचा विचार करण्याची गरज नाही, अशी सोयही आपण त्या शब्दातून करून घेतली आहे. हे स्पष्टपणे बोलायला हवे.

आपल्या परंपरेचा विचार मात्र असा नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. चौघांत वैद्य प्रमुख खरा; पण परिचारक हा त्याचा हरकाम्या नव्हे, चिकित्सा ज्या चार पायांवर उभी राहते त्यांपैकी एक पाय आहे. या परिचारकाच्या अंगी कोणते गुण हवेत? पहिला गुण उपचाराचे ज्ञान. दुसरा दक्षता. रुग्णाविषयीचा जिव्हाळा तिसरा आणि शुचिता चौथा. चरकाने जिव्हाळा वगळलेला नाही, परंतु त्याच्या आधी ज्ञान आणि कौशल्य ठेवले आहे. आपण बारा मेच्या भाषणात तिसऱ्या गुणाचे गोडवे गातो आणि पहिल्या दोन गुणांची व्यवस्था लावायचे विसरतो.

किनाऱ्यावरची रात्र

ही विस्मृती कुठे सर्वाधिक महाग पडते, हे पाहायचे असेल तर रायगडच्या किनारपट्टीवर जावे. रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतचा हा किनारा धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी जागोजागी तोडलेला आहे. नकाशावर शेजारी दिसणारी दोन गावे रस्त्याने फार दूर असतात. आगरदांड्याच्या धक्क्यावरून पलीकडचे दिघी दिसते, पण रात्री फेरीबोट बंद झाली की रुग्णवाहिकेला खाडीला वळसा घालावा लागतो. मुरूड आणि म्हसळा येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, श्रीवर्धनला उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि त्याला जोडून २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. व्यवस्था नाही असे नाही. पण आषाढातल्या रात्री अडीच वाजता एखाद्या छोट्या रुग्णालयाच्या दारात रिक्षा येऊन थांबते, तेव्हा ‘व्यवस्था’ म्हणजे बहुधा एक अधिपरिचारिका असते. डॉक्टर असतात, पण ते त्याच वेळी प्रसूतिकक्षात अडकलेले असू शकतात. ते कदाचित बंधपत्राचे एक वर्ष पुरे करण्यासाठी आलेले, नुकतेच पदवी घेतलेले तरुण असतात. वर्ष संपले की ते पुढच्या शिक्षणासाठी जातात आणि दुसरे येतात. रुग्णालयाची स्मृती टिकून राहते ती परिचारिकांमध्ये. म्हणून त्या स्मृतीत काय साठवले जाते, याला महत्त्व आहे.

याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात घडले आहे आणि ते जगाने मान्य केले आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे, विशेषतः मुले दगावत आणि त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून रात्र रात्र निरीक्षणे नोंदवली : ओकारी, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, मग धाप आणि तोंडाला येणारा गुलाबी फेस. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि शंभरांतले पंचवीस ते तीस रुग्ण दगावण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७० रुग्णांवरील अभ्यासाने प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविषलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही सिद्ध केले. २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

या यशाकडे आपण एका तपस्वी डॉक्टरची कथा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण जरा बारकाईने पाहा. हा शोध मोठ्या प्रयोगशाळेत लागलेला नाही, तो खाटेशेजारी लागला. रुग्णाजवळ थांबणे, पाहणे आणि लिहून ठेवणे हेच त्याचे साधन होते. परिचर्येचा गाभाही हाच आहे. आणि शोध लागल्यानंतर उपचार यशस्वी होतो तो कुणाच्या हातून? प्राझोसिनची मात्रा वजनाप्रमाणे, दर तीन तासांनी, हातपाय ऊबदार होईपर्यंत द्यायची असते. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उठवून बसवले किंवा घाबरलेल्या आईने लेकराला कडेवर उचलून घेतले, तर रक्तदाब एकाएकी घसरू शकतो. मूल आडवेच ठेवायचे, आईला ते का हे समजेल अशा शब्दांत सांगायचे, नाडी, रक्तदाब आणि श्वास पुन्हा पुन्हा तपासून लिहायचे आणि बिघाडाचे पहिले चिन्ह दिसताच डॉक्टरांना उठवायचे. नुसती वेदना कोणती आणि अंगभर भिनलेल्या विषाची लक्षणे कोणती, हा फरक ओळखायचा. हे सारे रात्रपाळीची परिचारिका करते. तिच्या हातून होत नसेल तर लॅन्सेटमधला शोध लॅन्सेटमध्येच राहतो.

सर्पदंशाचेही तसेच. आपल्याकडची प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. ती द्यायची की नाही, हे ठरवण्यास मदत करणारी एक चाचणी खेड्यातल्या रुग्णालयातही होऊ शकते. शिरेतून घेतलेले थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे मुळीच न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा कलती करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर ते घोणस किंवा फुरशाच्या विषाचे लक्षण. चाचणी इतकी साधी आहे, पण नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो. मण्यारीचे त्याहून फसवे. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून रुग्ण येतो, थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊ लागतात आणि पुढे श्वास थांबतो. ‘पोटदुखी’ म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवायचे की पापण्यांकडे पाहायचे, हे ज्ञान पुस्तकात आहे. प्रश्न आहे तो ते अडीच वाजता जाग्या असलेल्या व्यक्तीच्या डोक्यात आहे की नाही, हा.

२०२० साल जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षे होत होती. त्याच वर्षी महामारी आली आणि ऐन महामारीत ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांत झाडे, खांब, छपरे कोसळली आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा वेळी लागणारी विद्या वेगळीच असते. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर प्राणवायू मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो साडेअकरा तासांच्या आसपास पुरेल. हा हिशेब वीज गेल्यावर मांडायचा नसतो, तो आधीच भिंतीवर लिहिलेला असावा लागतो. लशी आणि प्रतिविष थंड ठेवायचे कसे, कोणता रुग्ण आधी हलवायचा, याचा सराव आकाश निरभ्र असतानाच करावा लागतो.

शिक्षण का होत नाही?

नियम नाहीत असे म्हणता येणार नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे, असा दंडक भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिला. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा संमत केला. १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आला. कागदावर दिशा योग्य आहे. व्यवहारात मात्र हे तास शहरातल्या सभागृहात भरतात. दोन दिवसांची परिषद, उद्घाटन, सत्कार, भोजन आणि शेवटी प्रमाणपत्र. परिचारिका प्रमाणपत्र घेऊन परत येते. तिच्या वॉर्डात काय बदलले, हे कुणी विचारत नाही.

आणि तिने जायचे तरी कसे? साधा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. एका परिचारिकेचे कामाचे तास ४८ धरले तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायलाच साडेतीन व्यक्ती लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरले की चारांहून अधिक. तीस खाटांच्या रुग्णालयात वॉर्ड, प्रसूतिकक्ष आणि अपघात विभाग या तीनच जागा धरल्या तरी बारा-तेरा जणी हव्यात. त्यांतली दोन-तीन पदे रिकामी असली की उरलेल्यांच्या पाळ्या ताणल्या जातात आणि ताण आला की सगळ्यांत आधी रद्द होते ते प्रशिक्षण. वॉर्ड रिकामा टाकून शिकायला जा, असे कोणती अधिसेविका म्हणेल?

म्हणून उपाय उलट्या दिशेने शोधायला हवा. परिचारिकेने शिक्षणाकडे जाण्याऐवजी शिक्षणाने खाटेशेजारी यावे. पाच वर्षांत १५० तास म्हणजे वर्षाला ३० तास आणि ३० तास म्हणजे आठवड्याला जेमतेम पस्तीस मिनिटे! पाळी बदलताना दोन पाळ्यांच्या परिचारिका एकत्र असतातच. त्या वेळी आठवड्यातून एकदा एकच विषय घ्यावा : या आठवड्यात विंचूदंश, पुढच्या आठवड्यात बाळंतिणीचा रक्तस्राव, त्यानंतर शय्याव्रण. महिन्यातून एकदा एखादा दगावलेला किंवा थोडक्यात वाचलेला रुग्ण घेऊन, दोष कुणाचा हे न शोधता, ‘आपल्याला काय आधी दिसायला हवे होते’ एवढाच प्रश्न विचारावा. श्वास थांबलेल्या रुग्णाचा सराव तीन महिन्यांतून एकदा करावा आणि घड्याळ लावून करावा. एका परिसेविकेकडे हे काम नेमून द्यावे आणि त्यासाठी तिचा इतर भार कमी करावा. जे काम सर्वांचे असते ते कुणाचेच नसते.

जिल्ह्यात परिचर्या प्रशिक्षण केंद्र आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पाठ्यनिर्देशिकांनी महिन्यातून एकदा श्रीवर्धन-म्हसळ्याला जावे आणि किनाऱ्यावरच्या परिचारिकांनी पाळीपाळीने पंधरा दिवस अलिबागच्या अतिदक्षता विभागात काम करून यावे. ही देवाणघेवाण शासनाच्या एका आदेशाने होऊ शकते. आणखी एक गोष्ट भाषेची. परिचर्येची पाठ्यपुस्तके बहुतांशी इंग्रजीत, शिकणाऱ्या मुली बहुतांशी मराठी शाळांतून आलेल्या. पाठ करून परीक्षा देता येते, पण संकटाच्या क्षणी माणूस आपल्या भाषेत विचार करतो. अपघात विभागाच्या भिंतीवर विंचूदंशाचा, सर्पदंशाचा, रक्तस्रावाचा क्रम ठळक मराठीत लिहिलेला असावा. मातृभाषेचा अभिमान मिरवण्याला ही जागा भाषणाच्या व्यासपीठापेक्षा अधिक योग्य आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आधी रिकामी पदे भरा, मग शिक्षणाचे बोला. पदे भरलीच पाहिजेत. त्यासाठी आग्रह धरणे हे लोकप्रतिनिधींचे आणि आपलेही कर्तव्य आहे. पण पदे भरेपर्यंत विंचू थांबत नाही, आणि जिथे शिकायला मिळते, जिथे मान मिळतो, तिथे माणसे टिकतात, हाही अनुभव आहे. दुसरा आक्षेप उघडपणे कुणी बोलत नाही : परिचारिका फार शिकली तर ती डॉक्टरांना प्रश्न विचारील. विचारू द्यावेत. मध्यरात्री औषधाची मात्रा चुकीची लिहिली गेली तर ‘सर, वजन तेरा किलो आहे’ असे सांगणारी परिचारिका डॉक्टरची प्रतिष्ठा कमी करीत नाही. ती एक जीव आणि डॉक्टरची प्रतिष्ठा, दोन्ही वाचवते.

परिचर्येतले ज्ञान कोणत्या कोटीचे असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला. त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीसेक वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. २०११ साली त्यांच्यासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आवर्जून नोंद केली की, इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाले नव्हते. ज्यांनी घरात अंथरुणावरच्या वडीलधाऱ्यांची शुश्रूषा केली आहे, त्यांना या वाक्याचे वजन कळेल. नुसत्या मायेने हे होत नाही. ठरावीक वेळाने कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, हाडांच्या उंचवट्यांवरचा भार हलका करणे, आहारातले प्रथिन पाहणे, आणि हे सारे परिचारिकांच्या एका पिढीने पुढच्या पिढीला शिकवणे, तेव्हा ते होते. तिथे माया होतीच. पण तिला विद्येची आणि शिस्तीची जोड होती.

आपल्या घराचा प्रश्न

आता थोडे आपल्याकडे वळू. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि तेथून परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे काम सुरू झाले. तेव्हा पांढरपेशा घरांतून या कामाला नाके मुरडली गेली. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणे, मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे हे ‘आपल्या’ बायकांचे काम नव्हे, असे म्हणणारे कमी नव्हते. मिशनरी रुग्णालयांनी हे क्षेत्र आपल्या आधी ओळखले आणि मिरजेसारख्या ठिकाणी त्यातून मोठे काम उभे केले. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो त्यातून न शिकण्यात. केरळमधल्या मुली साऱ्या जगाच्या रुग्णालयांत पोहोचल्या, कारण तिथल्या घरांनी या व्यवसायाला विद्या मानले. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही परिचारिकांचा समावेश आहे. जर्मनीला ज्या हातांचे मोल कळते, ते श्रीवर्धनला कळू नये काय?

सेवासदनाला शतक उलटून गेले, तरी आजही सुस्थित घरातली मुलगी ‘मला नर्सिंगला जायचे आहे’ म्हणाली तर घरात शांतता पसरते. ‘मेडिकलला लागली नाही का?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात. आणि आपलाच माणूस रुग्णालयात दाखल झाला की ‘सिस्टर, सलाईन संपली’ असे व्हरांड्यातून ओरडताना, त्या सिस्टरला नाव आहे हेही आपल्या लक्षात येत नाही. सेवाकार्याचा वारसा सांगणाऱ्या घरांनी तरी हा विरोधाभास तपासून पाहावा.

करण्यासारखे पुष्कळ आहे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यापासून शासकीय रुग्णालयांतून रुग्ण कल्याण समित्या स्थापन झाल्या. आपल्या तालुक्याच्या समितीत कोण आहे, तिची बैठक केव्हा होते, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? त्या बैठकीत रंगरंगोटीबरोबर हेही विचारावे की, गेल्या सहा महिन्यांत परिचारिकांचे प्रशिक्षण किती तास झाले, काचेच्या नळ्या आहेत का, परिचारिकांच्या निवासस्थानाचे छप्पर गळते का, रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या भगिनीला सुरक्षित वाहन आहे का. आपली मंडळे रुग्णालयाला चाकाची खुर्ची देतात, तिच्या पाठीवर दात्याचे नाव रंगवतात. एखाद्या वर्षी श्वास देण्याचा सराव करण्यासाठी लागणारा पुतळा द्यावा, मराठी पुस्तकांचे एक कपाट द्यावे. दिलेल्या विद्येवर नाव कोरता येत नाही, पण ती रंगापेक्षा अधिक टिकते.

पुढच्या १२ मे रोजी हार आणि फूल जरूर असावे. परंतु पाहुण्यांनी भाषण थोडे आवरते घ्यावे आणि त्या अर्ध्या तासात एखाद्या ज्येष्ठ परिचारिकेला उभे करावे. मण्यारीच्या दंशाचा रुग्ण आपण कसा ओळखला, हे तिने नव्या मुलींना सांगावे आणि डॉक्टरांनी व पाहुण्यांनीही ते खाली बसून ऐकावे. त्या गुलाबाच्या फुलापेक्षा तिचा मोठा सत्कार त्यात होईल आणि कदाचित त्याच पावसाळ्यात, खाडीपलीकडच्या एखाद्या घरातले एक लेकरू त्यामुळे वाचेल.